लिव्हरच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. रिपोर्टमधल्या पांढऱ्या पेशींचा अर्थ काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरला पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशन करणारे डॉक्टर वेगळे, औषधं देणारे वेगळे. काढलेल्या गाठीचे काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं आणि रिपोर्ट लिहिणं हे माझं काम. पूर्वी रिपोर्ट गेला की माझा आणि पेशंटचा संबंध संपायचा. आता मुंबई-पुण्याहून ऑपरेशन करून आलेली माणसं फाईल घेऊन लॅबच्या बाकावर येऊन बसतात. रिपोर्टातला एखादा शब्द त्यांनी मोबाईलवर शोधलेला असतो आणि त्या शब्दानं झोप उडवलेली असते. अहमदपूर, निलंगा, कळंब, गंगाखेड, गेवराई, गावं निरनिराळी, पण प्रश्न बहुतेक तेच. म्हणून उत्तरं लिहून काढली. इथं लिव्हरचा कॅन्सर म्हणजे लिव्हरच्या स्वतःच्या पेशींतून उठणारा, हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा. दुसरीकडचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला असेल तर ही उत्तरं त्याला लागू होत नाहीत.

“गाठ पूर्ण काढली म्हणतात. मंग ती परत येतीच कशी?”

दोन वाटांनी येते, आणि त्या वेगळ्या समजून घेतल्या तर पुढचं सगळं सोपं जातं.

पहिली वाट जुन्या गाठीचीच. ऑपरेशनच्या आधीच गाठीतल्या काही पेशी बारीक रक्तवाहिन्यांत शिरलेल्या असतात. त्या सीटीवर दिसत नाहीत, सर्जनच्या हाताला लागत नाहीत. मला मात्र काचेवर कधी कधी रक्तवाहिनीच्या आत त्यांचा पुंजका दिसतो. रिपोर्टात ‘मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन’ असं लिहिलेलं असतं ते हेच. या वाटेनं येणारी गाठ साधारण पहिल्या २ वर्षांत डोकं वर काढते.

दुसरी वाट जमिनीची. हिपॅटायटिस, दारू किंवा चरबीमुळं उरलेलं लिव्हर आधीच खराब झालेलं असेल, सिरोसिस असेल, म्हणजे व्रणांनी लिव्हर घट्ट झालेलं असेल, तर त्याच लिव्हरमध्ये नवी, वेगळी गाठ उगवू शकते. ही उशिरा येते, २ वर्षांनंतर केव्हाही. तण उपटलं तरी रान तेच राहतं, हे शेतकऱ्याला मी काय सांगायचं?

दोन्ही वाटा मिळून ऑपरेशननंतरच्या ५ वर्षांत गाठ परत येण्याचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जातं. आकडा घाबरवणारा आहे, तरी मी तो लपवत नाही. कारण परत आलेली गाठ लहान असताना सापडली तर पुन्हा ऑपरेशन, सुईनं गाठ जाळणं, गाठीच्या रक्तवाहिनीतून औषध देणं असे बरेच मार्ग उरतात. ‘ऑपरेशन झालं, सुटलो’ म्हणून वर्षभर न फिरकलेल्या माणसाचे हे मार्ग आपसूक बंद होतात.

“यात पांढऱ्या पेशींचा काय संबंध? त्या तर तापात वाढतात ना?”

तापात वाढतात त्या रक्तातल्या. मी बोलतेय त्या गाठीच्या आत शिरून बसलेल्या पेशींबद्दल.

मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की मिळतं ते लिव्हर. त्याला रक्त दोन बाजूंनी येतं: जवळपास पाऊण हिस्सा आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून आणि उरलेलं धमनीतून. आतड्याकडचं रक्त म्हणजे आपण जे खाल्लं-प्यालं त्याचे अंश आणि आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडे. प्रत्येक घासाला परका समजून लिव्हरनं भांडण काढलं असतं तर माणूस जगलाच नसता. त्यामुळं लिव्हरमधली राखण मुळातच सबुरीची. तिथं कुप्फर पेशी नावाचे भक्षक बसलेले असतात, नैसर्गिक मारक पेशी म्हणजे एनके पेशी असतात, तऱ्हेतऱ्हेच्या टी पेशी असतात. पण सगळ्यांना सवय सोसून घेण्याची.

याच सबुरीचा फायदा कॅन्सर घेतो. ज्या गाठीत राखणदार जागे आहेत आणि ज्या गाठीत ते झोपलेत, फितलेत किंवा कुंपणाबाहेर उभे आहेत, त्या दोन गाठी आकारानं सारख्या असल्या तरी ऑपरेशननंतरची त्यांची वाटचाल सारखी नसते. सर्जननं गाठ काढली तरी मागं राहिलेल्या चार पेशी हुडकून मारायचं काम शेवटी याच राखणदारांचं असतं. संबंध आहे तो असा.

“रिपोर्टमध्ये ‘गाठीत लिम्फोसाइट्स दिसल्या’ असं लिहिलंय. चांगलं का वाईट?”

बहुतेक वेळा चांगलं. पण कोणत्या पेशी, कुठं आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत, हे पाहिल्याशिवाय मी नुसतं ‘चांगलं’ म्हणून मोकळी होत नाही.

आधी ‘कोणत्या’ ते बघू. लिम्फोसाइट्स ही पांढऱ्या पेशींचीच एक जात, टी आणि बी पेशी त्यांच्यातल्याच. नेहमीच्या रंगात सगळ्या लिम्फोसाइट्स एकसारख्या दिसतात, खसखशीच्या दाण्यासारखे जांभळे ठिपके. त्यांची जात कळायला वेगळी तपासणी लागते. तिला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात आणि तिच्यात हवी ती पेशी तपकिरी रंगते. सीडी८ टी पेशी कॅन्सरच्या पेशीला भिडून मारणाऱ्या. त्या गाठीच्या आत भरपूर असतील तर गाठ परत येण्याचं प्रमाण कमी आढळतं. उलट नियामक टी पेशी, ज्यांची खूण फॉक्सपी३, या शांत करणाऱ्या. शरीरात त्यांची गरज आहे, त्या नसतील तर आपल्याच अवयवांवर हल्ला होईल. या पेशींवरच्या कामासाठी मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं. गाठीत मात्र त्यांची गर्दी झाली की मारणाऱ्या पेशी गप्प बसतात.

शांघायच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये ऑपरेशन झालेल्या ३०२ रुग्णांच्या गाठींत या दोन्ही जातींच्या पेशी मोजल्या होत्या. ज्यांच्या गाठीत नियामक पेशी कमी आणि चेतलेल्या मारक पेशी जास्त होत्या, त्यांच्यातले सुमारे ६४ टक्के रुग्ण ५ वर्षांनी हयात होते. नेमकं उलटं चित्र असलेल्या गटात हेच प्रमाण सुमारे २४ टक्के होतं. एकेका जातीच्या संख्येपेक्षा दोघींचं आपसातलं पारडं महत्त्वाचं, हे तेव्हा स्पष्ट झालं. हा फरक मला आजही थक्क करतो.

भक्षक पेशींचंही तसंच. मॅक्रोफेज ही पेशी दोन्हीकडून खेळते. काही मॅक्रोफेज गाठीच्या पेशी गिळतात, तर काहींना गाठ आपल्या कामाला लावते, आणि मग त्या तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या उभ्या करायला मदत करतात. या दुसऱ्या प्रकारच्या मॅक्रोफेजची गर्दी वाईट लक्षण. न्यूट्रोफिल ही पांढऱ्या पेशींची आणखी एक जात, ती गाठीत फार असणं हेही वाईटच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात लिव्हरच्या कॅन्सरचे दोन दुर्मीळ उपप्रकार शेजारी शेजारी दिले आहेत: एक लिम्फोसाइटनं भरलेला, त्याचं पुढचं चित्र बरं, दुसरा न्यूट्रोफिलनं भरलेला, त्याचं वाईट. दोन्ही पांढऱ्याच पेशी!

आता ‘कुठं’. काही गाठींत सीडी८ पेशी खूप असतात, पण सगळ्या कडेला, आत एकही नाही. पाखरं कणसांवर आणि गोफण घेतलेला माणूस बांधावर, असा तो प्रकार. कडेच्या पेशींचा उपयोग आतल्या पेशींइतका होत नाही.

जागेचा याहून नवलाचा दाखला आहे. टी आणि बी पेशी कधी कधी एकत्र येऊन छोटी वस्तीच करतात, हुबेहूब लसिकाग्रंथीसारखी. २०१९ च्या एका अभ्यासात अशी वस्ती गाठीच्या आत असलेल्या रुग्णांत गाठ लवकर परत येण्याचं प्रमाण कमी दिसलं. आणि २०१५ च्या दुसऱ्या अभ्यासात तशीच वस्ती गाठीबाहेरच्या, सुजलेल्या लिव्हरमध्ये असेल तर पुढचं चित्र वाईट दिसलं, कारण तिथल्या सततच्या सुजेच्या आडोशानं नव्या कॅन्सर पेशी वाढत होत्या. वर सांगितलेली दुसरी वाट आठवा. म्हणून रिपोर्ट वाचताना ‘लिम्फोसाइट्स’ या शब्दाच्या आधी ‘गाठीत’ लिहिलंय की ‘आजूबाजूच्या लिव्हरमध्ये’, हे आधी बघा. लिव्हरमधल्या लिम्फोसाइट्स हिपॅटायटिसची सूज चालू असल्याचं सांगत असू शकतात, आणि त्या सुजेवर औषध आहे.

राहिली अवस्था. सीडी८ पेशी आत आहे, भरपूर आहे, पण दमलेली. तिच्या अंगावर पीडी-१ नावाची खूण उगवते. मी घरच्यांना वेसणीचं उदाहरण देते. बैल तगडा आहे, नांगरही जुंपलाय, पण वेसण कुणीतरी मागून ओढून धरलीय. गाठीच्या पेशी ही वेसण ओढतात.

“मग सगळ्यांच्याच गाठीची ही तपासणी का करत नाहीत? आमची करून द्या, पैसे भरतो.”

मोजायची कशी यावर अजून एकमत नाही. कोणी गाठीच्या मध्यात मोजतं, कोणी कडेला. ‘जास्त’ कशाला म्हणायचं ती रेषाही प्रत्येक अभ्यासात निराळी. आतड्याच्या कॅन्सरमध्ये पेशी मोजण्याची एक ठरावीक पद्धत जगभर तपासून पाहिली गेली आहे. लिव्हरमध्ये तशी नेहमीच्या वापरातली पद्धत नाही. शिवाय आकडा आला म्हणून आज तुमचा उपचार बदलत नाही. जो आकडा उपचार बदलत नाही, त्यासाठी घरातलं सोनं मोडू नका, असं मी तोंडावर सांगते. तुमचे कॅन्सरतज्ज्ञ एखाद्या खास कारणासाठी सांगत असतील तर गोष्ट वेगळी.

आज ज्यावर निर्णय होतात त्या गोष्टी तुमच्या रिपोर्टात आधीच आहेत: गाठ किती मोठी, एक की अनेक, रक्तवाहिनीत शिरली का, कापलेली कड स्वच्छ आहे का, बाकीच्या लिव्हरला सिरोसिस आहे का. या पाच गोष्टी समजून घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.

“साध्या रक्ताच्या तपासणीतून काही कळतं का?”

सीबीसीच्या रिपोर्टात न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे टक्के असतात. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की एनएलआर निघतो. न्यूट्रोफिल ७० आणि लिम्फोसाइट २० असतील तर साडेतीन. ऑपरेशनच्या आधी हा आकडा जास्त असलेल्या रुग्णांत गाठ परत येण्याचं प्रमाण जास्त असतं, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. स्वस्त तपासणी, तालुक्यालाही होते. पण दाढ दुखली, लघवीला जंतुसंसर्ग झाला, स्टेरॉइड चालू असलं तरी तो चढतो. परभणीचा एक मुलगा वडिलांचा एनएलआर दर आठवड्याला वहीत मांडून आलेख काढायचा. आकडा चढला की घरात कोणी जेवत नसे. मी ती वही हातात घेतली आणि म्हटलं, दादा, यातलं एएफपी, म्हणजे लिव्हरच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी, आणि सोनोग्राफी यांच्या तारखेचं पान तेवढं ठेव.

“प्रतिकारशक्ती वाढवायला काय द्यायचं? गुळवेल चालू केलीय.”

बंद करा, आणि किती दिवस दिली ते तुमच्या डॉक्टरांना सांगा.

प्रतिकारशक्ती म्हणजे मोटारीचं बटण नव्हे, दाबलं की सगळं पाणी वाढलं. वर वाचलंत ना, काही पेशी वाढलेल्या चांगल्या, काही वाढलेल्या वाईट. कोणतं चूर्ण गाठीतल्या फक्त सीडी८ पेशी वाढवील आणि नियामक पेशींना हात लावणार नाही? असं चूर्ण नाही. उलट गुळवेलीनं लिव्हरला इजा झाल्याचे रुग्ण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले, पुढं देशातल्या इतर शहरांतूनही नोंदी आल्या. त्या नोंदींवर आयुष मंत्रालयानं आक्षेपही घेतला होता. वादाचा निकाल काहीही लागो, अर्धं लिव्हर कापलेल्या माणसावर आपण तो प्रयोग करायचा नाही. कावीळ उतरवणारी मुळी, डोळ्यात-नाकात घालायचे थेंब, पुडीतलं बेनामी औषध, सगळ्यांना हेच लागू. माझ्या सख्ख्या मामांनी ऑपरेशननंतर तीन महिने असंच पुडीतलं औषध घेतलं. घरात पॅथॉलॉजिस्ट भाची असून मला सांगितलं नाही, कारण ‘ती रागावेल’. डोळे पिवळे झाल्यावर कळलं. म्हणून आता मी रागवत नाही, विचारते.

“मग खायला काय द्यायचं? तेल, तूप, डाळ सगळं बंद केलंय.”

हेच सगळ्यात जास्त नुकसान करतं. काविळीचं पथ्य म्हणून ऊसाचा रस आणि पातळ भात यावर महिनोन्महिने ठेवलेला माणूस नुसता हाडांचा सापळा होतो. दंड-मांड्यांचे स्नायू झिजले की ऑपरेशननंतरचं आयुष्य कमी होतं, हे ठामपणे माहीत आहे. सिरोसिस असलेल्याला दर किलो वजनामागं रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. घट्ट वरण, मूग, मटकी, अंडी, दूध-दही, चालत असेल तर मासे. ज्वारीची भाकरी आहेच. रात्री झोपताना काहीतरी खाऊन झोपायचं, कारण खराब लिव्हर रात्रभराचा उपास सोसत नाही आणि स्नायू खायला लागतं. पोटात पाणी असेल तर मीठ कमी. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, सगळे कडक उपास सध्या सोडा. देव समजून घेतो. रोज चालणं हवं, शेताच्या बांधापर्यंत का होईना.

“ऑपरेशननंतर लगेच इम्युनोथेरपी घेतली तर गाठ येणारच नाही ना?”

इम्युनोथेरपी म्हणजे ती वेसण सैल करणारं औषध. जेम्स अॅलिसन आणि तासुकु होंजो यांना याच शोधाबद्दल २०१८ चं नोबेल मिळालं. ऑपरेशन शक्य नसलेल्या, पसरलेल्या लिव्हर कॅन्सरमध्ये अॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या जोडीनं जुन्या सोराफेनिबच्या गोळीपेक्षा आयुष्य वाढतं, हे २०२० मध्ये सिद्ध झालं. तिथं तिचं स्थान पक्कं आहे.

ऑपरेशननंतर, गाठ नसताना, परत येऊ नये म्हणून द्यावी का, हा वेगळा प्रश्न. हीच जोडी जास्त धोका असलेल्या ६६८ रुग्णांत तपासली गेली. २०२३ मध्ये पहिला निकाल आला तेव्हा गाठ परत येण्याचं प्रमाण कमी दिसलं आणि सगळीकडं आनंद झाला. मलाही झाला. रुग्णांना आणखी काळ पाहिल्यावर मात्र तो फायदा टिकला नाही. त्याआधी सोराफेनिबची गोळीही ऑपरेशननंतर देऊन पाहिली होती, १,११४ रुग्णांत, तीही उपयोगी ठरली नाही. म्हणून ऑपरेशननंतर सरसकट सगळ्यांना इम्युनोथेरपी, असा आजचा नियम नाही. कोणी तुम्हाला ‘गॅरंटी’ म्हणून सुचवत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. खर्च लाखांत जातो, आणि त्यासाठी जमीन विकलेली घरं मी पाहिली आहेत.

एक गोष्ट मात्र आधीच विचारून ठेवा: पुढं लिव्हर ट्रान्सप्लांटचा विचार आहे का? ट्रान्सप्लांटमध्ये परकं लिव्हर टिकावं म्हणून प्रतिकारशक्ती दाबावी लागते, आणि इम्युनोथेरपी नेमकं उलटं करते. आधी इम्युनोथेरपी झालेली असेल तर नवं लिव्हर नाकारलं जाण्याचा धोका वाढतो. हा क्रम कॅन्सरतज्ज्ञ आणि ट्रान्सप्लांटची टीम यांनी मिळून ठरवायचा असतो.

“पेशंट इम्युनोथेरपीवर आहे आणि गावात जुलाब लागले. काय करायचं?”

वेसण सैल केलेला बैल कधी आपल्याच उभ्या पिकात शिरतो. सुटलेल्या टी पेशी आतडं, फुप्फुस, थायरॉइड, त्वचा, खुद्द लिव्हर यांवर हल्ला करू शकतात. साधे वाटणारे जुलाब, कोरडा खोकला, दम, खूप थकवा, डोळे पिवळे होणं, यांपैकी काहीही झालं तर गावातल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: पेशंटला इम्युनोथेरपी चालू आहे. औषध महिन्यांपूर्वी बंद झालं असलं तरी सांगायचं. उपचार वेगळा असतो, बऱ्याचदा स्टेरॉइड लागतं, आणि उशीर झाला तर जिवावर बेततं. औषधाचं नाव मराठीत कागदावर लिहून पेशंटच्या खिशात ठेवा. मोबाईलमधला फोटो ऐन वेळी सापडत नाही.

“पेशंटच्याच पेशी काढून, वाढवून परत देतात म्हणे?”

खरं आहे, आणि त्यात अर्थही आहे. जपानमध्ये २००० साली १५० रुग्णांच्या चाचणीत ऑपरेशननंतर रुग्णाच्याच वाढवलेल्या प्रतिकार पेशी दिल्यावर गाठ परत येणं कमी झालं होतं. कोरियात २०१५ च्या २३० रुग्णांच्या चाचणीत गाठ परत न येता गेलेला मधला काळ ३० महिन्यांवरून ४४ महिन्यांवर गेला. पण तिथं पेशी कशा वाढवायच्या याची कडक शिस्त होती. आपल्याकडं जाहिरातीत दिसणारी ‘सेल थेरपी’ म्हणजे तीच, असं समजू नका. विचारा: ही मंजूर चाचणी आहे का? चाचणी असेल तर पैसे कशाचे घेता? या दोन प्रश्नांवर समोरचा चिडला तर उठून या.

“आमच्यात कोणी दारूला शिवत नाही. मग हे झालं कुठून?”

हा प्रश्न विचारताना बायकांच्या डोळ्यांत पाणी असतं, कारण गावानं आधीच दारूचा शिक्का मारलेला असतो. कृपा करून तो शिक्का पुसा. हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेहासोबतची लिव्हरमधली चरबी, बुरशीचं विष, ही सगळी कारणं दारूशिवायची.

हिपॅटायटिस बी बहुतेकांना जन्माच्या वेळी आईकडून किंवा लहानपणी मिळतो आणि ४० वर्षं गप्प बसतो. न उकळलेल्या सुया, एकाच वस्तऱ्यानं दाढी, तपासणी न केलेलं रक्त, या जुन्या दिवसांच्या वाटाही आहेत. ताट-वाटीतून, मिठीतून तो पसरत नाही. पेशंटचं जेवण वेगळं काढू नका. पण घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा, एकाच वेळी, लाजेकाजेशिवाय. ज्यांना नाही त्यांना लस द्या. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून आहे, त्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. नांदेड, लातूर, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगर यांपैकी जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. बाळंतपण असेल तर बाळाला २४ तासांच्या आत बी ची लस मिळाली का, हे आजीनं स्वतः विचारायचं. तैवाननं १९८४ पासून बाळांना ही लस दिली आणि तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर कमी झाला.

पेशंटला बी असेल तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरची रोजची गोळी ऑपरेशननंतरही चालूच राहते. विषाणू दबला की लिव्हरची सूज कमी होते, आणि सूज कमी झाली की दुसऱ्या वाटेनं येणारी गाठ कमी होते. रिपोर्टातल्या पेशी मोजून तुमच्या हाती काही लागत नाही. ही गोळी मात्र तुमच्या हातात आहे. सी असेल तर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक लोकांचा विषाणू जातो.

आणि हो, ज्यांना दारूमुळं झालं त्यांनाही उपचाराचा तेवढाच हक्क आहे. फक्त यापुढं एक थेंबही नको.

“शेंगदाण्यांनी कॅन्सर होतो का?”

चांगल्या शेंगदाण्यांनी नाही. ओलसर राहून बुरशी लागलेल्या दाण्यांत, मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते लिव्हरच्या पेशीतल्या गाठ रोखणाऱ्या जनुकालाच इजा करतं, आणि हिपॅटायटिस बी असलेल्याला त्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. भाजून, तळून ते नीट जात नाही. शेंगा नीट वाळवा. काळपट, सुरकुतलेले, खवट दाणे निवडून फेका. ते चटणीला नको, घाण्यावर नको आणि जनावरांनाही नको, कारण गाई-म्हशीनं खाल्लं की त्याचा अंश दुधात उतरतो.

“खरं सांगा ताई, किती वर्षं?”

नीट निवडून ऑपरेशन केलेल्या रुग्णांत ५ वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण साधारण ५० ते ७० टक्के सांगितलं जातं. तुमच्या माणसाचं उत्तर या आकड्यात नसतं. लहान, एकच गाठ, स्वच्छ कड, रक्तवाहिन्या मोकळ्या, बाकीचं लिव्हर बरं, असं असेल तर वरच्या टोकाकडं. उलट असेल तर खालच्या. प्रतिकार पेशींची माहिती या चित्रात थोडी भर घालते, चित्र पालटत नाही. मी महिने-वर्षं सांगत नाही. सांगणाऱ्यांचे शब्द घरात दगडासारखे पडून राहतात, हे पाहिलंय.

“दर तपासणीला मुंबई परवडत नाही. आणि ऊसतोडीला तर जावंच लागतं.”

पहिली २ वर्षं दर ३ ते ४ महिन्यांनी, पुढं दर ६ महिन्यांनी: एएफपी, लिव्हरच्या तपासण्या आणि सीटी, एमआरआय किंवा सोनोग्राफी. प्रत्येक वेळी देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसनं रात्र काढायची गरज नसते. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: कोणत्या तपासण्या जिल्ह्याला करून रिपोर्ट पाठवू, आणि कोणत्या वेळी स्वतः येऊ? छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, धाराशिवकरांना बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय जवळ. सीटी करायचा तर ‘ट्रायफेजिक’ लिहून घ्या. शिरेतून औषध सोडून तीन टप्प्यांत काढलेल्या त्या सीटीवरच लिव्हरची गाठ नीट ओळखू येते. एएफपी नॉर्मल आलं म्हणून सीटी टाळू नका, बऱ्याच रुग्णांत गाठ असूनही ते वाढत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कोणता उपचार त्यात बसतो ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा.

कोयत्यावर जाणाऱ्यांसाठी: दसऱ्यानंतर निघण्याआधी एक तपासणी करूनच निघा. मधली तपासणी कारखान्याच्या गावाजवळ कुठं होईल ते आधी ठरवा, विषाणूच्या गोळ्या पुरेशा सोबत घ्या, आणि परतल्यावर पहिल्या आठवड्यात पुन्हा दाखवा. मुकादमाला आजार सांगायचा नसेल तर नका सांगू, पण टोळीतल्या एका तरी माणसाला तारीख माहीत असू द्या. पेशंट स्वतः ऊस तोडणार असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय मोळी उचलायची नाही.

“दवाखान्यानं मेणाचा एक ठोकळा दिलाय. तो टाकून द्यायचा का?”

अजिबात नाही! त्याला ब्लॉक म्हणतात. तुमच्या माणसाची गाठ त्या मेणात जपलेली आहे, आणि वर सांगितलेल्या सगळ्या पेशी त्यातच आहेत. उद्या गाठ परत आली, नवं औषध आलं, एखादी तपासणी खरंच उपयोगाची ठरली, तर ती याच ब्लॉकवरून होईल. वर्षांनंतरही होते. ब्लॉक दिला नसेल तर मागा. दुसऱ्या मतासाठी काचा आणि ब्लॉक मागता येतात, सही करून.

मेण ५६ ते ५८ अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात आपल्याकडं सावलीतच ४२ असतं, मग उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किती होत असेल? एका मावशींनी ब्लॉक मोटारसायकलच्या डिकीत ठेवून जळकोटहून आणला, तो पसरून नुसता थर झाला होता. डबीत घालून, कोरड्या, थंड जागी, माठाजवळ नको, देव्हाऱ्यातल्या दिव्याशेजारी नको. कपाटात, रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा. ती पिशवी कुठं आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं.